चिमूटभर धूप

उजागरे बाई वर्गात खुर्चीवर बसत नसत. रोह्याच्या आमच्या कॉलेजात प्रत्येक वर्गात पुढे लाकडी चौथरा, त्यावर टेबल आणि दोन हातांची खुर्ची असे. बाई आत आल्या की छत्री टेबलाच्या कडेला अडकवायच्या, खुर्ची उचलून भिंतीशी लावायच्या आणि चौथऱ्यावरून खाली उतरून पहिल्या बाकाला टेकून शिकवायला लागायच्या. पुढे गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांनी शिपाईमामांकडून एक स्टूल मागून घेतलं, पण तेही खालीच. एकदा कोणीतरी विचारलं, "बाई, वर का नाय बसत?" त्या म्हणाल्या, "वरून मला तुमचे भांगच दिसतात. मला तोंडं बघायची असतात."

छत्रीबद्दलही सांगायला हवं. ती बारा महिने त्यांच्याजवळ असायची. काळी, लांब दांड्याची, पुरुषी. कडक उन्हाळ्यात आकाशात ढगाचा ठिपका नसला तरी बाईंच्या हातात छत्री. त्या मूळच्या नगरकडच्या. तिकडे पावसाची वाट बघावी लागते. कोकणात नोकरीला आल्यावर पहिल्याच वर्षी पावसाने त्यांना असं झोडपलं की त्यांनी पुन्हा कधी त्याच्यावर विश्वास टाकला नाही.

मी धरमतर खाडीकाठच्या गावची. वडील आधी मिठागरावर होते, नंतर जेटीवर बार्जमधला माल उतरवायला जाऊ लागले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. इतिहास घेऊन बी.ए. करायला मला रोह्याला जागा मिळाली, म्हणून रोज पेणहून रोह्याची एसटी. बाई रामवाडीला, डेपोच्या मागच्या बाजूला राहायच्या, त्यामुळे त्या आणि मी एकाच गाडीला. त्या खिडकीशी बसून पेपर तपासायच्या. नागोठण्याच्या अलीकडे रस्ता इतका खराब होता की त्यांच्या हातून सहाचा आठ आणि तिनाचा पाच होई. पोरं म्हणायची, "बाईंच्या विषयात पास व्हायचं तर देवाला नको, खड्ड्यांना नारळ फोडा." हे बाईंच्या कानावर गेलं. पुढच्या तासाला त्या म्हणाल्या, "खड्ड्याने वाढवलेले मार्क मी परत घेत नाही. पण खड्ड्याने कमी केलेले मागायला कोणीच कसं येत नाही?"

त्यांचा एक शब्द ठरलेला होता, "पुढे?" आपण उत्तर देऊन हुश्श करून खाली बसायला लागलो की त्या मान किंचित तिरपी करून म्हणायच्या, "पुढे?" मग कळायचं, आपण अर्ध्यावरच थांबलो आहोत.

रोमच्या साम्राज्यातल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांचा धडा त्यांनी कसा शिकवला ते मी अजून विसरलेले नाही. त्या दिवशी भिंतीशी लावलेली खुर्ची त्यांनी परत पुढे ओढली आणि कोलाडच्या निलेशला तिच्यावर बसवलं. निलेश अंगाने थोराड आणि स्वभावाने मस्कऱ्या. "हा सम्राट," बाई म्हणाल्या. त्यांनी खडूचा तुकडा डस्टरवर चुरडला. "आणि हा धूप. एकेकाने यायचं, चिमूटभर सम्राटासमोर टाकायचा, तो देव आहे असं म्हणायचं आणि घरी जायचं. जो टाकणार नाही तो तुरुंगात. कदाचित जिवाला मुकेल. आता सांगा, काय कराल?"

सगळे हसत होते. निलेश खुर्चीवर रेलून म्हणाला, "टाका ना रे पटापट. तुमच्या मनात काय हाय ते मला कुठं दिसतंय?"

"बरोबर बोलला सम्राट," बाई म्हणाल्या. "तेव्हाचे न्यायाधीशही हेच सांगत असतील. चिमूटभर तर आहे. मनातला देव मनात ठेवा. मग ते लोक का अडून बसले? वेडे होते?"

कोणी म्हणालं हट्टी होते, कोणी म्हणालं श्रद्धा होती. प्रत्येकाला "पुढे?" पुढे कोणालाच जाता येईना. मग बाई निलेशकडे वळल्या. "महाराज, तुम्हाला यांच्या मनातलं नको आहे, खरं ना? मग काय हवं आहे?"

निलेश खुर्चीत सरळ बसला. म्हणाला, "सगळ्यांनी टाकताना दिसायला पायजे."

बाईंचा चेहरा इतका उजळला की आम्हाला निलेशचा हेवा वाटला. त्या म्हणाल्या, "हे लोक सम्राटाचं वाईट चिंतत नव्हते. त्याला बरं वाटावं, राज्यात शांतता राहावी, अशी प्रार्थना ते करत होते. त्याच्यासाठी प्रार्थना चालेल, त्याची प्रार्थना चालणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि हे लक्षात ठेवा, पुष्कळांनी भिऊन धूप टाकलाही. पोराबाळांची माणसं होती ती. मी त्यांना नावं ठेवणार नाही."

तास तिथे संपला असता तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा तिथूनच सुरू झाल्या. काही पिढ्यांनी सम्राटच त्यांच्या बाजूला आला. ज्यांना पकडत होता त्यांनाच त्याने मान दिला, जमिनी दिल्या, घराच्या ओसरीत जमणाऱ्यांना मोठमोठी देवळं बांधून दिली. त्यांच्या धर्मगुरूंच्या वादात तो मध्यभागी येऊन बसू लागला. "परीक्षेत विचारतात, छळाची कारणं लिहा. ती लिहाच, मार्क आहेत त्याला. पण छळ त्यांनी सोसला. सत्कार सोसता आला का, हे कोणी विचारत नाही. ते तुम्ही माझ्यासाठी शोधा."

बाई स्वतः ख्रिस्ती होत्या हे वर्गात बऱ्याच जणांना तोवर ठाऊकही नव्हतं. कपाळ मोकळं असतं एवढंच आम्ही बघितलं होतं.

माझ्या आईला मात्र कुठूनतरी कळलं आणि ती धास्तावली. परीक्षेआधी रविवारी बाई मला घरी शिकवायला बोलावत होत्या. आई म्हणाली, "नको जाव गो. बाटवतील तुला." मी हे बाईंना सांगितलं नव्हतं, पण चेहऱ्यावरून त्यांना समजलं असावं. पुढच्या शनिवारी त्या छत्री घेऊन थेट आमच्या घरी आल्या, ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि आईने केलेलं खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण घाम पुसत जेवल्या. आईने शेवटी विचारलंच, "बाय, पोरीला ख्रिस्ताव करनार नाय ना तुमी?"

बाई म्हणाल्या, "ताई, हिला रोमचा इतिहास येईना अजून. तेवढा पास झाली तरी माझं पुण्य."

आई हसली. जाताना तिने बाईंना सुकटीची पुडी बांधून दिली. पुढे ती मला विचारायची, "तुजी बाय बरी हाय ना गो?"

रविवारी मी रामवाडीला जायची ती बाईंची भक्ती संपता संपता. भक्ती म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना. त्यांच्या मंडळीत थोडीच कुटुंबं होती, बहुतेक कंपनीच्या नोकरीमुळे इकडे आलेली. पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा पनवेलहून येत, एरवी सगळं बाईच चालवत. त्यांना स्वतःची जागा नव्हती. ते जमायचे हरीनानांच्या शेडमध्ये, आणि हरीनानांचा कारखाना होता गणपतींचा.

पेणच्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. शेड ती शेड. गणपती गेले की ती रिकामी व्हायची आणि मंडळी ऐसपैस सतरंज्या घालून बसायची. मग साचे निघत, मूर्ती उभ्या राहू लागत आणि सतरंज्या मागे सरत. उन्हाळा संपेपर्यंत बाई आणि त्यांचे लोक दाराजवळच्या एका कोपऱ्यात येत. नाना चिडवायचे, "बाई, यंदा तुमचा देव गटारावर बसनार बघा." बाई म्हणायच्या, "त्याला सवय आहे नाना. तो गोठ्यातच जन्मला."

शेवटच्या आठवड्यांत आखणी चाले. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. ते नाना दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. त्या दिवसांत शेडमध्ये कोणी मोठ्याने बोलायचं नाही, हात हलतो. म्हणून मंडळीनेच ठरवून टाकलं होतं, आखणी सुरू झाली की गाणी बंद. ते नुसते डोळे मिटून बसत. एकीकडे नाना श्वास रोखून गणपतीचे डोळे उघडताहेत आणि दाराशी ही माणसं डोळे मिटून गप्प बसली आहेत, असं दृश्य मी कितीदा पाहिलं आहे. रविवारी नानांचा रेडिओही बंद असे. ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

पण गणपतींनी भरलेल्या शेडीत मोठं काही करता येत नसे. मंडळीतल्या याकोबकाकांची बायको मार्था ऐन सीझनमध्ये गेली, तेव्हा तिची शेवटची प्रार्थना बाहेर रस्त्यावर झाली. पाऊस पडत होता. शवपेटीवर प्लास्टिक धरून माणसं उभी होती आणि मागून रिक्षावाले हॉर्न देत होते. याकोबकाका रोह्याच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले, साधे, कमी बोलणारे. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून कुठे मोकळा प्लॉट दिसला की थांबून बघत राहायचे.

मी शेवटच्या वर्षाला असताना नाताळच्या कार्यक्रमाला आप्पा आले. आप्पा म्हणजे तेव्हाचे आमच्या भागातले पुढारी. माणूस वाईट नव्हता, लोकांच्या लग्नामरणाला धावून जायचा. शेडीतली सतरंजी, बाजूला रचलेले साचे, लहान मुलांचं नाटुकलं बघून त्यांना खरंच भरून आलं. उठून म्हणाले, "ही काय जागा झाली? मी तुम्हाला हॉल देतो. पक्का, फरशीचा. डेपोमागचा प्लॉट माझ्या नजरेत आहे."

टाळ्या पडल्या. याकोबकाका रडत होते. बाईंनी आप्पांचे आभार मानले आणि मान तिरपी करून विचारलं, "पुढे?"

"पुढे काय बाई? हॉल झाला की उद्घाटनाला बोलवा."

पुढचं जे होतं ते काही आठवड्यांनी आलं. निवडणूक जवळ आली होती. आप्पा स्वतः बाईंच्या घरी आले. मी त्या दिवशी तिथेच अभ्यासाला होते, चहा मीच केला. याकोबकाकाही आले होते. आप्पा म्हणाले, प्लॉटचं काम मार्गी लागलं आहे. आता प्रचाराचा नारळ फुटेल तेव्हा बाईंनी मंडळीला घेऊन व्यासपीठावर यायचं आणि त्यांच्या विजयासाठी प्रार्थना करायची. "दोन मिनिटं. सगळ्या समाजांचे लोक येताहेत. तुम्ही नाही दिसलात तर बरं दिसत नाही."

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. मला वर्गातला निलेश आठवला, खुर्चीवर रेललेला. त्यांनाही आठवला असणार.

"आप्पा, तुमच्यासाठी आम्ही प्रार्थना करतोच," बाई म्हणाल्या. "रविवारी या. शेडीत आमच्याबरोबर सतरंजीवर बसा. तुम्हाला चांगली बुद्धी मिळावी, तुमच्या हातून कोणावर अन्याय होऊ नये, असं मागू. तुमच्या विरुद्ध जे उभे आहेत त्यांचंही नाव घेऊ."

आप्पा हसले. "मग त्या प्रार्थनेचा मला काय उपयोग?"

"चांगल्या बुद्धीचा उपयोग नाही म्हणता?"

"बाई, तुम्ही मास्तरीण आहात, तुमच्याशी कोण बोलणार," आप्पा उठले. रागावले नाहीत. दारात याकोबकाकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, तुम्हीच समजवा."

ते गेल्यावर याकोबकाकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दोन मिनिटं तर होती, बाई."

"हो."

"मनात काय असेल ते असू द्यायचं होतं. देवाला कळलं असतं."

"देवाला कळलं असतं, काका. पण आप्पांना देवाला दाखवायचं नव्हतं, लोकांना दाखवायचं होतं. आज यांच्यासाठी वर चढलो की उद्या दुसरा येईल त्याच्यासाठी चढावं लागेल. मग आपल्याला खाली उतरता यायचं नाही."

काका उभे राहिले. असा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. "तुमचं शिक्षण मोठं आहे. माझी बायको रस्त्यावर भिजत गेली. माझ्या वेळी मला रस्त्यावर ठेवू नका, एवढं बघा. तुमच्या इतिहासापायी मला भिजायचं नाही."

त्या दिवशी बाई "पुढे?" म्हणाल्या नाहीत. काका गेल्यावर त्यांनी कप विसळले, जागेवर ठेवले आणि मला म्हणाल्या, "आज अभ्यास राहू दे." मी निघाले तेव्हा त्या खुर्चीवर बसलेल्या होत्या, अंधार व्हायला आला तरी दिवा लावलेला नव्हता.

हॉल झाला, पण दुसऱ्या कोणासाठी. याकोबकाका भक्तीला यायचे बंद झाले, आणखी एकदोन घरंही. बाईंनी कोणाला दोष दिला नाही. दर रविवारी भक्ती संपली की त्या छत्री घेऊन काकांच्या घरी जायच्या. काका दार उघडत, पाणी देत आणि समोर गप्प बसत. मी एकदा बरोबर होते. परत येताना न राहवून मी म्हणाले, "बाई, तुम्ही बरोबर होतात." त्या चटकन म्हणाल्या, "बरोबर असणं सोपं आहे गं. माझं बरोबर असणं त्या माणसाला महागात पडतंय, त्याचं काय करू ते सांग." वर्गात त्या आम्हाला थोर वाटायच्या, पण त्यांच्याबद्दलचा माझा खरा आदर त्या रस्त्यावर सुरू झाला.

गणपतीच्या तोंडावर, भर पावसाळ्यात, याकोबकाका गेले. मला बातमी कळली तशी मी पहिली गाडी धरून रामवाडीला आले. बाई घरी नव्हत्या, नानांच्या शेडीत होत्या. शेड दारापर्यंत भरलेली, मूर्तीला मूर्ती लागलेली. नाना आखणीला बसले होते. बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या, हात जोडून. त्यांना कोणासमोर असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"नाना, दुपारपुरती शेड हवी आहे."

नानांनी मान वर केली. "बाई, आखणी चालू हाय. रंग वला हाय. बाहेर पाऊस हाय."

"माहीत आहे. म्हणून तर मार्थाबाईंच्या वेळी मागितली नव्हती. आज मागते आहे."

नानांनी ब्रश पाण्यात बुडवला. "तेवाच का नाय मागितलीत?" ते म्हणाले. "आमी नाय म्हणलो असतो का?"

बाईंनी जोडलेले हात खाली घेतले. म्हणाल्या, "चुकलं नाना. मागायला यायला हवं होतं."

नाना उठले आणि त्यांनी रस्त्यात जाऊन हाका मारल्या. मग जे झालं ते बघायला रामवाडीत असायला हवं होतं. पावसाने उघडीप दिली होती. कारागीर, शेजारच्या बायका, डेपोतले कंडक्टर, समोरचा सायकलवाला, सगळे एकेक मूर्ती उचलून घरोघरी नेऊ लागले. कोणाच्या कॉटवर गणपती, कोणाच्या शिवणमशीनवर, कोणाच्या ओट्यावर. नाना मधोमध उभे राहून ओरडत होते, "पाट धरा, हात नका धरू! सोंड सांभाल गो!" बाईंनी पदर खोचला आणि एका लहान मूर्तीपुढे वाकल्या. एक कारागीर बिचकत म्हणाला, "बाई, तुमाला चालतं ना?" त्या म्हणाल्या, "माती आहे, आणि तुझी मेहनत आहे. कुठे धरू तेवढं सांग."

दुपारी याकोबकाका त्या रिकाम्या शेडीत, कोरड्या जमिनीवर होते. भक्ती सोडून गेलेली घरं आली होती. आप्पाही आले होते. निवडणूक होऊन गेली होती, त्यामुळे गळ्यात पक्षाचं उपरणं नाही, बरोबर कोणी नाही. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, खुर्ची नव्हतीच, मग चपला काढून सतरंजीवर मागे बसले. बाईंनी प्रार्थना केली. आखणीचे दिवस असून त्या दिवशी गाणी झाली, मोठ्याने. नाना दाराशी ब्रश हातात धरून उभे होते.

बाई त्यानंतर वर्षभराने निवृत्त होऊन नगरला भावाकडे गेल्या आणि दोन पावसाळ्यांपूर्वी तिथेच वारल्या. मी नोकरीला लागले होते, माझं जाणं झालं नाही. म्हणून मला त्या आठवतात त्या त्याच संध्याकाळच्या.

काकांना पोचवून लोक परतले होते आणि गणपती घरोघरून शेडीत परत चालले होते. तेवढ्यात बारीक पाऊस सुरू झाला. दोन पोरं एक मोठी मूर्ती उचलून रस्ता ओलांडत होती. डोळे अर्धे काढलेले, एक उघडा, एक अजून कोरा. बाई त्यांच्या बाजूने मूर्तीवर छत्री धरून चालल्या होत्या. हात जितका वर जाईल तितका वर केलेला, आणि स्वतः पूर्ण बाहेर. साडी अंगाला चिकटलेली, चष्म्यावरून पाणी गळत होतं.

"बाई, भिजताय तुमी!" नाना शेडीतून ओरडले.

"मी सुकते हो, नाना," त्या मागे न बघता म्हणाल्या. "ह्याचा रंग ओला आहे."